आज : रामराज्य

८ जुलै, मंगळवार

ताप नव्हता! आज नव्हता, काल नव्हता, शनिवारी तर अंग माठासारखं गार होतं. तरी तिन्ही वेळा पॅरासिटामॉल घेऊन आलो. उशाखाली पुड्या जमल्यात. आईनं बघितल्या तर म्हणेल, पोराला टायफॉईड झाला.

कारण लिहायची लाज वाटते. पण वही माझीच आहे, लिहितो. आमच्या चिंचदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत नवीन मुलगी आलीय. संस्कृती. मिरजगावची. फार्मसी शिकलेली, कंत्राटावर. खिडकी इतकी खाली आहे की कमरेत वाकल्याशिवाय आतलं तोंड दिसत नाही. आजवर त्या खिडकीला मी लई शिव्या दिल्या — सरकारपुढं मान झुकवायला लावतात म्हणून! आता वाकायला रांगेत मीच सगळ्यात पुढं.

"जेवणानंतर घ्यायची. रिकाम्या पोटी नाही," असं म्हणते. काय म्हणते! मला वाटलं हे फक्त माझ्यासाठी. तर माझ्यामागच्या हनुमंत आबालाही तेच म्हणाली, त्याच आवाजात. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्यावर जळत जळत घरी आलो.

आज तिनं केसपेपर हातात धरून ठेवला.

"सहादेव ना? तुम्हाला ताप नाही."

"आहे. आतून आहे."

"आतल्या तापाचं औषध शासनाकडून येत नाही."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मी मेलो तिथंच. पण मग तिनं केसपेपर माझ्याकडं फिरवला. "नाव तुम्हीच लिहिलंय? अक्षर छान आहे. बाहेरच्या फलकावर रोज सुविचार लिहाल का? रतनबाई लिहितात ते कुणालाच वाचता येत नाही."

रतनबाई तिथंच फरशी पुसत होत्या. दवाखान्याची साफसफाई त्यांच्याकडं आणि सुविचारही त्यांच्याकडंच. म्हणाल्या, "वाचतंय कोण? आसतोय म्हून लिवायचा."

रोज! रोज म्हणाली!!

९ जुलै

पहाटेच उठलो. आई म्हणाली, "आज पोळा हाय का काय रं?"

शाळेसमोरच्या दुकानातून रंगीत खडू घेतले. फलकावर वर एक फूल, खाली वळणदार अक्षरात — आरोग्य हीच खरी संपत्ती. ती खिडकीतून डोकावली. "वा." एवढंच. पण वा!

मग तिथंच रेंगाळलो, ते वाईट झालं. ऊन चढलं तरी डॉक्टरांचा पत्ता नाही. तालुक्याला मीटिंग. रांग मात्र बसलेली. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, खोकणारी म्हातारी माणसं. हनुमंत आबा डोंगरवस्तीवरून पायी आलेला, गुडघ्याला फडकं बांधून. दुपारी उठला, माझ्या फलकासमोर उभा राहिला, एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, "संपत्ती दिसली, बाबा. डॉक्टर तेवढा दिसला न्हाई."

आणि चालायला लागला.

माझं डोकं असं तापलं! आज खरंच गोळी लागली असती.

१० जुलै

कॉलेज सोडलं तो दिवस आठवत राहिला. एस.वाय.चा वर्ग, नगर. राज्यशास्त्राचे सर फळ्यावर दोन शब्द लिहून उभे. युटोपिया म्हणजे सगळं आबादीआबाद असा समाज. डिस्टोपिया म्हणजे दुःस्वप्नातल्यासारखा. मी हात वर केला. "सर, आमच्या दवाखान्यात सोमवारी डॉक्टर असतो, मंगळवारी नसतो. मग आम्ही सोमवारी कुठं राहतो आणि मंगळवारी कुठं?" वर्ग फुटला हसून. सर म्हणाले, विनोद करायचे असतील तर बाहेर जा. मी विनोद करतच नव्हतो! बाहेर गेलो. बाहेर गेलो तो थेट पाथर्डीच्या एसटीत. परत गेलोच नाही.

आज सकाळी पुन्हा डॉक्टर नाहीत. मी खिडकीत वाकलो. औषध मागितलं नाही, विचारलं. डॉक्टर आहेत का, सिस्टर आहेत का, कोणतं औषध आहे, कोणतं नाही?

मला वाटलं म्हणेल, तुम्हाला काय करायचंय. तर म्हणाली, "विचारलंत तर सांगते. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" आणि सांगितलं सगळं.

सुविचार पुसला. लिहिलं —

आज : पोपाबाईचं राज्य

खाली बारीक — डॉक्टर नाहीत. सिस्टर आहेत. खोकल्याचं औषध संपलं. गुडघ्याच्या गोळ्या आहेत.

लोक जमले, वाचलं, हसले. आणि — हे मी धरलंच नव्हतं — ज्यांना डॉक्टरच हवे होते ते लगेच उठून आपापल्या कामाला गेले. एकानं वस्तीवर फोन लावला, "यिऊ नगं म्हातारीला घिऊन, आज पोपाबाई हाय!" हनुमंत आबाला गोळ्या मिळाल्या.

तिनं बाहेर येऊन वाचलं. मी फडकं हातात धरून बाजूला सरकलो.

"फूल कशाला पुसलंत?" म्हणाली. "फूल राहू द्यायचं."

११ जुलै

दोनदा हसली. एकदा माझ्याकडं बघून, एकदा फलकाकडं बघून. फलकाकडं बघून जरा जास्त.

१४ जुलै, सोमवार

घडी बसली! सकाळी खिडकी उघडली की मी वाकतो आणि तीन प्रश्न. डॉक्टर? सिस्टर? औषध? तिन्हीला होकार आला तर — आज : रामराज्य. एखादं कमी असलं तर मोगलाई. डॉक्टरही गायब, औषधही संपलेलं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, तर पोपाबाईचं राज्य. आणि लाईट नाही, पाणी नाही, कुत्रं चावल्याची लसही नाही, असं झालं तर यमपुरी. तेवढं अजून लिहावं लागलं नाही.

फलकाचा फोटो काढून स्टेटसला टाकतो. वस्त्यावस्त्यांवर पोरं बघतात आणि घरात ओरडून सांगतात. दूध घालायला निघालेली माणसं आता हाका मारतात, "सहाद्या, आज काय हाय रं? रामराज्य का मोगलाई?" कॉलेजात दोन शब्दांवरून बाहेर काढलं. इथं चार शब्दांवर अख्खं गाव चालवतोय! सरांना स्टेटस दिसतो का कोण जाणे. नंबर अजून आहे माझ्याकडं.

१६ जुलै

आज डॉक्टरांनी आत बोलावलं. गेलो छाती काढून, भांडायच्या तयारीत. शर्टाच्या बाह्याही वर केल्या होत्या. डॉक्टर जेवत होते, टेबलावरच. चपाती आणि लोणचं. माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे. डोळे झोपेनं सुजलेले.

"बस. मी मीटिंगला गेलो की तू मोगलाई लिहितोस."

"हो."

"मग रोज मीटिंगला बोलावणाऱ्याच्या राज्याला काय म्हणायचं, ते पण काढ एखादं. माझ्याकडं दोन दवाखान्यांचा चार्ज आहे, मित्रा. मी तिकडं असलो की इकडं मोगलाई, इकडं असलो की तिकडं. मी स्वतः कुठं राहतो ते मला सांग."

हाच तर माझा प्रश्न होता! वर्गातला! भांडायचं राहूनच गेलं. बाह्या खाली केल्या. त्यांनी अर्धी चपाती पुढं केली, ती खाल्ली.

बाहेर हनुमंत आबाचं वेगळंच. "माझी आई खऱ्या मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली. तिकडच्या शिवंपल्याडची. तिच्या टायमाला तिकडं दवाखानाच न्हवता. हितं निदान खिडकी हाय, खिडकीत पोरगी हाय. ह्याला मोगलाई म्हनू नगं." रांग म्हणाली, मग काय म्हणायचं? आबा विचार करून म्हणाला, "निम्मं रामराज्य." त्यावर लई दंगा.

मी संस्कृतीला म्हटलं, वाईटाला शब्द किती बघा. मोगलाई, पोपाबाई, बेबंदशाही, अंधेरनगरी, यमपुरी. चांगल्याला मिळून एकच. असं का असेल?

ती गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. वर न बघता म्हणाली, "चांगलं असलं की त्याला नाव कशाला लागतं? आमच्या मिरजगावात म्हणतात, दवाखान्यात जाऊन आलो. झालं."

हे वाक्य दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखं घोळवतोय.

१९ जुलै, शनिवार

ज्योतीताई माहेरी आली. पहिलं बाळंतपण. तारीख नारळी पौर्णिमेच्या पुढंमागं. पोट हे एवढं, आणि जीभ त्याहून मोठी. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी, "काय रं सहाद्या, गोळ्या देनारी वहिनी कधी दाखवतो?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या फलकावरची फुलं रोज मोठी व्हायला लागल्यात. मी काय आंधळी हाय?"

आई चुलीपाशी हसून हसून खोकायला लागली.

ताई आणि दाजी दर दिवाळीनंतर कोल्हारच्या बाजूला ऊसतोडीला जातात. आमचं अर्धं गावच जातं. भाऊबीज झाली की ट्रॅक्टरमध्ये बसायचं, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या करून उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहायचं. ताई सांगत होती, मागच्या थंडीत तिला सपाटून ताप आला. दाजींनी बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तर त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर सुई होती पण देणारी बाई नव्हती. "आमच्यासारख्या परक्या मुलखातल्यांना सांगतंय कोन," म्हणाली. मग माझा फोन हातात घेऊन स्टेटस बघितला. "हे ब्येस केलंस, भावा. आता आपल्याला बरंय. फाट्यावर उभं राहायचं आन् तुझा फलक बघायचा. रामराज्य आसलं तर डावीकडं दवाखान्यात, न्हाईतर उजवीकडं पाथर्डीला."

माझी कॉलर टाईट!

२२ जुलै, मंगळवार

बोलावलं! तिनं बोलावलं!!

दुपार आहे, विहिरीवर कडुलिंबाखाली बसून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे! सकाळी फलकाशी गेलो. कालचं पुसायला लागलो तेवढ्यात तिची हाक. आतून. खिडकीतून हात बाहेर काढून. "थांब, तुझ्याशी बोलायचंय." तुझ्याशी! आजवर 'तुम्ही'. आज 'तू'! आणि बोलायचंय! कोणाला बोलायचं असतं? औषधवाल्याला गिऱ्हाईकाशी बोलायचं असतं का? नाही!

आणि मी? थांबलो का? मी गाढव! एवढं सुख एकदम उभ्यानं सोसेना. "येतो येतो, संध्याकाळी येतो!" असं ओरडलो, खडू उचलला, फलकावर हे एवढं मोठं रामराज्य लिहिलं, दोन फुलं काढली, त्यावर एक पाखरू काढलं, फोटो टाकला आणि गाडीला किक मारून पळालो. माळावरनं गाडी अशी पळवली की मेंढ्या उधळल्या. मेंढकं शिव्या देत होतं, मी त्याला रामराम केला.

संध्याकाळी काय बोलेल? घरचे विचारतायत म्हणेल. मुलगा काय करतो म्हणतील. काय करतो? फलक लिहितो! कॉलेज पुरं करीन म्हणेन. सरांचे पाय धरीन. डिस्टोपिया घडाघडा पाठ म्हणून दाखवीन!

आईचा फोन येतोय. दोनदा येऊन गेला. बघतो.

२२ जुलै, संध्याकाळ

लिहायचं होत नाही. पण लिहितो.

फोन आईचा होता. "आमी दवाखान्यात हाय. तू कुठं मेलास?" मागून ताईचं ओरडणं.

पोचलो तेव्हा गोरक्षनाथकाकांचा टेम्पो फाटकातच तिरका उभा. आई पायरीवर. ताईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या, पाणी गेलेलं. फाट्यावर टेम्पो थांबवून काकांनी विचारलं होतं, डावीकडं का उजवीकडं? ताईनंच फोन काढून स्टेटस बघितला. म्हणाली, "रामराज्य हाय. डावीकडं घ्या. भावानं लिवलंय तर खरंच आसंल."

आणि आत — डॉक्टर नगरला ट्रेनिंगला. पुष्पावती सिस्टर लसीकरणाला डोंगरवस्तीच्या अंगणवाडीत, तिथं फोनला रेंज नाही. दवाखान्यात फक्त रतनबाई आणि संस्कृती.

संस्कृतीनं ताईला टेबलावर घेतलेलं, रुग्णवाहिकेला फोन केलेला, पण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार. ताईनं तिचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. "सिस्टरला घेऊन ये. बोलू नकोस. जा."

ज्या माळावरनं सकाळी नाचत गेलो त्याच माळावरनं गेलो. कसा गेलो आठवत नाही. मेंढ्या बाजूला झाल्या, मेंढक्यानं या वेळी शिवी दिली नाही. माझं तोंड बघून बाजूला झाला असेल. अंगणवाडीत सिस्टर एका पोराच्या मांडीत सुई टोचत होत्या. मी दारातून ओरडलो. त्यांनी सुई काढली, कापूस दाबला, पोर आईकडं दिलं, लसीचा गार डबा उचलला आणि गाडीवर बसल्या. मी म्हटलं डबा राहू द्या. म्हणाल्या, "लस तापंल. तू गाडी चालव." डबा मांडीवर घेऊन, एका हातानं माझा खांदा धरून आल्या. खड्ड्याखड्ड्याला डबा माझ्या पाठीत बसत होता. बसू दे. आणखी जोरात बसायला पाहिजे होता.

मला बाहेर काढलं. पायरीवर आईशेजारी बसलो. आईनं जरा सरकून जागा दिली. बोलली असती तर बरं झालं असतं. समोर फलक. दोन फुलं आणि पाखरू.

ताईचं ओरडणं थांबलं. आणि मग काहीच नाही. काहीच आवाज नाही. नाळ गळ्याभोवती होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त सिस्टरचा आवाज — "रड. रड ना गं बाई. रड." आईनं माझं मनगट धरलं. मी आयुष्यात कधी देवाला हात जोडले नव्हते, कॉलेजात तर वाद घालायचो. तिथं सगळ्या देवांना एकदम जोडले, कोण ड्युटीवर असेल ते असेल.

आणि रडली! मुलगी! असा आवाज की टेम्पोतले काका दचकून उठले.

रतनबाई दारात आल्या, घामानं चिंब. "झाली रं तुझ्या रामराज्यात एक परजा!" आणि तिथंच मटकन बसल्या.

रुग्णवाहिका आली, दोघींना पाथर्डीला नेलं, एक दिवस बघतील म्हणाले. दोघी ठीक. ताई स्ट्रेचरवरून माझ्याकडं बघून हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. हेही.

सगळे गेल्यावर मी खिडकीशी गेलो. वाकलो. ती हात धूत होती.

"सकाळी तुला थांब म्हटलं होतं," म्हणाली.

"हो."

"तू रोज विचारतोस. आज विचारलं नाहीस. सरळ लिहायलाच लागलास. म्हणून हाक मारली. डॉक्टर ट्रेनिंगला, सिस्टर लसीकरणाला — हे बोलायचं होतं."

"मग पुसलं का नाहीत?" मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे.

"पुसला. तू पळालास तशी बाहेर येऊन तेवढा शब्द पुसला. मग फोटो वाचणारे लोक यायला लागले तेव्हा कळलं, तो तुझ्या फोनवर आहे. केसपेपरवरच्या नंबरला फोन केला तर लागेना. मग म्हटलं परत लिहू, खरं काय ते, तोपर्यंत टेम्पो आला."

मी मागं वळून बघितलं. रामराज्य खरंच पुसलेलं होतं. मला पायरीवरून शब्द दिसलाच नव्हता. फक्त फुलं आणि पाखरू दिसत होतं. ती तिनं ठेवली होती.

२३ जुलै

गेलो नाही.

२४ जुलै, गुरुवार

गेलो. रतनबाई फाटकातच. "आलं का पाखरू?" म्हणाल्या. गिळलं.

फलकावर लिहिलं — मंगळवारी इथे लिहिलेलं खोटं होतं. न विचारता लिहिलं. सहादेव.

हेच स्टेटसला टाकलं. कुणी अंगठा पाठवला, कुणी हसणारं तोंड, कुणी लिहिलं "जाऊ दे भावा". हनुमंत आबानं फलक वाचला, काठीवर रेलून. "आता ह्यो सुविचार झाला बघ," म्हणाला. 

मग खडू ठेवून खिडकीशी उभा राहिलो. वाकलो नाही, लाज वाटली. आतून आवाज आला. "डॉक्टर आहेत. सिस्टर आहेत. तापाचं सिरप नाही, बाकी आहे." आणि खिडकीतून नवा खडू बाहेर सरकला. पिवळा.

पिवळा! पांढरा पण देता आला असता. पिवळा दिला.

घरी ताई आणि ती. ती म्हणजे मुठीएवढं तोंड, सगळं रागानं लाल. माझ्यावर गेलीय म्हणे. पुष्पावती सिस्टर येऊन गेल्या, म्हणाल्या नाव मोगलाबाई ठेवा. ताई म्हणाली, "ठिवते. मामाची आठवन ऱ्हाईल." आता गल्लीभर पोरं तिला मोगलाबाईच म्हणतायत. मला ती उचलून घेऊ देतात. हे मला अजून खरं वाटत नाही.

२८ जुलै, सोमवार

तालुक्याहून साहेब आले, पांढरी जीप. मला बोलावलं. वाटलं आता फलक काढून नेणार. तर साहेब खूश! स्टेटस कुणीतरी पुढं, त्यानं पुढं, असं करत वरपर्यंत गेलेला. कोणता? मंगळवारचा! फुलं आणि पाखरूवाला!

"रामराज्य! शब्द फार छान आहे," म्हणाले. "सकारात्मक आहे. पंधरा ऑगस्टच्या आधी तपासणीला समिती येतेय. खडू काय, आज आहे उद्या नाही. ऑइलपेंटमध्ये कायमचं करून टाक. मोठ्या अक्षरात. मग तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांवर करू."

"आणि बाकीचे शब्द?"

"कुठले बाकीचे?"

डॉक्टर खाली मान घालून चपलेनं खडा सरकवत होते. मी होय म्हणालो. का म्हणालो? रंगाचा डबा हातात घ्यायचा होता म्हणून. डोक्यात आधीच शिजायला लागलं होतं.

३० जुलै

ऑइलपेंट, पांढरा. ब्रश नवा. सकाळभर बसून सगळ्या जन्मात काढलं नाही असं अक्षर काढलं. साहेब जीपमधून उतरले तेव्हा ब्रश धुऊन बसलो होतो.

फलकावर पांढऱ्या रंगात — आज :

पुढं काळं. नुसतं काळं. शेजारी सुतळीला खडू बांधलेला.

"पुढचं कुठंय?"

"पुढचं रोज लिहायचं असतं."

"तुला शिकवायला बोलावलं नव्हतं."

सुटलो मग! लिहायला नको, पण सुटलो. "साहेब, माझी बहीण त्या एका शब्दावर भरवसा ठेवून फाट्यावरनं इकडं वळली! तो शब्द मीच लिहिला होता, खोटा! खडू होता म्हणून तळहातानं पुसता आला. ऑइलपेंट पुसायला रॉकेल लागतं, आणि रॉकेल आता मिळतंय कुठं!" रांग उठून उभी राहिली. हनुमंत आबा मागून ओरडला, "बराबर बोलतंय पोरगं!" मला चेवच आला. समितीला चहापाण्याबरोबर रामराज्य दाखवणार, आणि समिती गेली की आमचं आहेच, असं पण बोललो. आणखी पण बोललो. डॉक्टरांनी बाही ओढली तेव्हा थांबलो.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी निभावलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "आत काय आहे, काय नाही, हे याला रोज सांगतं कोण?"

मी तोंड उघडलं. "कोणी —"

"मी सांगते."

ती बाहेर आली. एरवी तिला खिडकीतच बघायचो, वाकून. आज पूर्ण उभी. चेहरा शांत, हातात गोळ्यांची पट्टी तशीच.

"विचारलं की सांगते," म्हणाली. "यालाच नाही. कुणालाही."

"नाव काय तुमचं?"

"संस्कृती."

साहेबांनी नाव मनातल्या मनात म्हटलं. ते मला दिसलं. जीप गेली. फलक तसाच राहिला. आज : आणि काळं.

मी जिंकलो होतो. दिवसभर जिंकल्यासारखं वाटलं नाही.

१ ऑगस्ट

बदली. रतनबाईंनी सांगितलं. कोल्हारच्या पलीकडं, प्रवरेकाठी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सोमवारी जायचं. जागा भरेपर्यंत इथली खिडकी बंद.

साहेबांच्या जीपची हवा सोडाविशी वाटते. माझ्याच गाडीची सोडली. मग पुन्हा भरून आणली.

४ ऑगस्ट, सोमवार

खिडकीतून हाक आली. "थांब. तुझ्याशी बोलायचंय."

थांबलो. पायांना बजावलं, हलायचं नाही. तिनं सांगितलं ते शेवटपर्यंत ऐकलं. तीन प्रश्न विचारले, तिन्हीची उत्तरं घेतली. मग खडू घेतला. 'आज :' च्या पुढं कोणताच मोठा शब्द लिहिला नाही. डॉक्टर आहेत. सिस्टर आहेत. औषधाची खिडकी उद्यापासून बंद. नवीन माणूस येईपर्यंत गोळ्या पाथर्डीहून आणाव्यात. वर एक फूल काढलं, पिवळं.

तिनं बाहेर येऊन वाचलं. "अक्षर छान आलंय." एसटी लागलीच होती. पायरीवर पाय ठेवून वळली.

"दिवाळीनंतर तुमचं अर्धं गाव तिकडंच येतं ना ऊस तोडायला? तिथल्या दवाखान्यात आज काय आहे, हे कोप्यांवर कोण सांगतं?"

"कोणीच नाही."

"मग?" म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली.